वस्तीची बस

चवथीचा दुसरा दिवस. आरत्या आटोपल्या होत्या, शेजारीपाजारी प्रसाद घेऊन पांगले होते आणि गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखालच्या सतरंजीवर भाची आणि जावई कागद पसरून बेरजा करत बसले होते. मला वाटलं, चवथीचा खर्च मांडताहेत. वाकून पाहिलं तर भलतंच. वय ३१, गुण ३०. पदवी, १५. नर्सिंगच्या कामाचा अनुभव, १०. इंग्रजी, १०. नवऱ्याचं इंग्रजी, ५. आणि शेवटच्या ओळीत पेन्सिलीनं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून : मराठी, ५.

पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना गुण देण्यात घालवलेला माणूस मी, पण वयाला गुण असतात हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या हिशेबात २५ ते ३२ या वयाला सर्वांत जास्त. तेहेतीस पूर्ण झाली की पाच कापले. चाळिशी ओलांडली की पंधराच हातात, आणि पंचेचाळीस झाली की दार बंद. "मामा, तुला शून्य," म्हणून भाची हसली. मी म्हटलं, मला कोण बोलावतंय बाई.

पण ती मराठीची ओळ काही मनातून जाईना. गोव्यात सरकारी नोकरीच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं एक वाक्य छापून येतं : कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान असल्यास इष्ट. या 'इष्ट'पायी आमच्या पिढीनं किती सभा गाजवल्या, किती मोर्चे काढले आणि किती जुनी मैत्री तोडून टाकली, ते आता उकरत नाही. राजभाषा कायदा १९८७ साली झाला, त्यालाही आता किती पावसाळे लोटले. आणि हे कोण कुठले परके लोक, ते मराठी येते म्हणून रोख पाच गुण मोजून द्यायला तयार!

अर्थात फुकट नाही. परीक्षा दुभाष्याची असते. एक माणूस इंग्रजी बोलणार, दुसरा मराठी, आणि मधे बसून इकडचं तिकडे करायचं. असे दोन संवाद, प्रत्येकी तीनशेच्या आसपास शब्दांचे, आणि ते तुकड्यातुकड्यांनी ऐकवतात. एक तुकडा जास्तीत जास्त ३५ शब्दांचा. ९० पैकी ६३ मिळाले की पास, पण दोन्ही संवादांत वेगवेगळे किमान २९ हवेत. एकात ढेपाळून दुसऱ्यात भरून काढीन म्हटलं तर जमत नाही. परीक्षेची ही रचना मला मास्तर म्हणून फार आवडली. पाठांतरवाल्यांचं इथे काही चालत नाही.

तर त्या चवथीनंतर दीड महिना रोज संध्याकाळी भाची आमच्याकडे शिकवणीला. आमच्या घरांतल्या मराठीची एक गंमत आहे, बाहेरच्याला ती समजावून सांगणं कठीण. चुलीकडे कोकणी, देव्हाऱ्याकडे मराठी. भांडण कोकणीत, भजन मराठीत. पेपर मराठी, पण तो वाचून झाल्यावर राजकारण्यांना द्यायच्या शिव्या कोकणी. त्यामुळे या मुलीला अभंगांतले जड जड शब्द सहज येत, पण घरमालकाशी बोलायची मराठी तिच्या तोंडात कधी आलेलीच नव्हती. परीक्षेत मात्र सगळं तेच! भाडं, विमा, कचेऱ्या, दवाखाने, शाळाप्रवेश, पोलीस.

मी इंग्रजी वाचायचो, ती मराठी करायची.

"मॉर्गेज?"

"गहाण."

"आणि बेनिफिट म्हणजे फायदाच ना, मामा?"

"सरकार देतं तो? मग भत्ता म्हण."

"एज्ड केअर?"

इथे मी अडलो. वृद्धांची काळजी म्हणावं, तर संस्थेचा अर्थ येत नाही. वृद्धाश्रम म्हणावं, तर लगेच डोळ्यांत पाणी येतं आणि मूळ इंग्रजी तर कोरडं ठणठणीत. आम्ही दोघं डोकं खाजवत असताना आतून बायको ओरडली, "सून म्हण, सून! आपल्याकडे तिलाच म्हणतात."

तिला ६९ मिळाले. सत्तरचे पंच्याहत्तर झाले. मी पेढे आणायला निघालो तर भाची म्हणाली, "थांब मामा, अजून पंधरा आहेत. रीजनलचे."

आणि मग तिनं जे सांगितलं त्यावर आमचं वाजलं.

गोष्ट अशी. पासष्ट गुणांना माणूस पास होतो, पण पास झालेल्या सगळ्यांनाच बोलावणं येतं असं नाही. वरून यादी लागते. ज्यांना सिडनी-मेलबर्नच हवं त्यांची रांग लांब. मात्र तिथल्या एखाद्या राज्यानं तुमचं नाव पुढे केलं आणि तुम्ही मोठ्या शहरांबाहेर राहायला तयार असलात, तर पंधरा गुण वाढवून मिळतात. या व्हिसाचा क्रमांक ४९१. तो सुरू झाला १६ नोव्हेंबर २०१९ला. मुदत पाच वर्षं. त्यात तीन वर्षं 'रीजनल' भागात राहायचं, तिथेच काम करायचं, कर भरल्याचे तीन वर्षांचे कागद जपून ठेवायचे, आणि मग १९१ क्रमांकाचा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की पर्मनंट. तोवर नियम मोडून शहरात राहायला जाता येत नाही, आणि पहिली तीन वर्षं दुसऱ्या वाटेनं पर्मनंट व्हायचे बहुतेक दरवाजेही बंद. सरकारी आरोग्यसेवा तेवढी पहिल्या दिवसापासून मिळते.

सरकारचा हेतू उघड आहे. सिडनी आणि मेलबर्न दोन्ही पन्नास लाखांच्या वर गेलेली, घरभाडी डोक्यावर बसलेली, रस्ते तुंबलेले. आणि बाहेरच्या गावांत इस्पितळ आहे तर नर्स नाही, शाळा आहे तर शिक्षक नाही. कॅनडातही थोड्याफार फरकानं हाच डाव. अटलांटिककाठच्या चार प्रांतांसाठी २०१७ साली प्रयोग म्हणून सुरू केलेली योजना २०२२मध्ये कायमची केली. माणसं हवीत, पण आम्ही सांगू तिथे.

मी म्हटलं, "एवढा समुद्र ओलांडून जायचं, आणि राहायचं काय तर आपल्या सत्तरी तालुक्यासारख्या आडरानात?"

"सत्तरीत काय वाईट आहे?" भाचीनं विचारलं.

त्यावर मी गप्प बसलो. का, ते पुढे येईलच.

आधी त्या 'रीजनल' शब्दाची गंमत. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन शहरं सोडली तर उरलेला सगळा देश त्यांच्या लेखी रीजनल. पर्थ आणि गोल्ड कोस्टसुद्धा २०१९मध्ये त्यात घातली गेली. पर्थची वस्ती वीस लाखांवर. ॲडलेडची चौदा लाखांच्या आसपास. आणि २०११च्या जनगणनेत अख्खा गोवा होता १४ लाख ५८ हजारांचा! म्हणजे पेडण्यापासून काणकोणापर्यंतची आम्ही सगळी माणसं, आमचे आमदार, देव, चर्च, कॅसिनो आणि भांडणं धरून, त्यांच्या एका आडगावाएवढी. पणजीहून वाळपईला जायचं तर पन्नास किलोमीटरही भरत नाही, तरी पणजीचा माणूस आदल्या दिवशी कपडे इस्त्री करून ठेवतो. अंतर किलोमीटरवर नसतं, ते डोक्यात असतं.

पण भाचीनं ॲडलेड घेतलं नाही. तिला काम मिळालं माउंट गॅम्बियरला. ॲडलेडपासून रस्त्यानं सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, मेलबर्नहूनही साधारण तेवढंच. दोन्हीकडून लांब. वस्ती तीस हजारांच्या आत, म्हणजे आमच्या म्हापशाहून लहान.

आता सत्तरीची गोष्ट.

१९८५च्या जूनमध्ये माझ्या हातात नेमणुकीचा कागद पडला. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, वाघेरीचा डोंगर अंगावर येतो अशा एका गावातली. बारदेशातल्या आमच्या वाड्यावर तेव्हा सत्तरी म्हणजे जळवा, हिवताप आणि काळोख. आई रडली. कागद देणारा कारकून मात्र भला माणूस. तो हळूच म्हणाला, "तीन वर्षं काढ. कायम हो. मग बदलीचा अर्ज टाक." कायम हा आमच्या पिढीचा शब्द. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे विचारत, ते 'पगार किती' नव्हे, 'कायम झाला का?' आजची मुलं पीआर, म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी म्हणतात, एवढाच काय तो फरक.

म्हापसा, डिचोली, साखळी, केरी, आणि तिथून आत. गावात दिवसातून बस दोनदा, आणि रात्रीची शेवटची वस्तीची. ती दिवेलागणीनंतर यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या पडवीत झोपायचे आणि पहाटे सहाला परत निघायची. मी ज्या म्हातारीकडे खोली घेतली होती तिच्या अंगणातून ती बस दिसायची. पहिले कित्येक महिने माझी रात्र त्या बसकडे बघण्यात गेली. गावात तीच एक वस्तू माझ्यासारखी होती. आलेली, आणि जायच्या तयारीत असलेली.

शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता, एक मास्तर. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा उघडल्या, त्यांतलीच ही. कौलं गळत होती, पण फळा उत्तम होता. पहिल्या दिवशी मी पोरांना नावं विचारली. त्यांनी सांगितली. मग म्हटलं, आता तुम्हाला काही विचारायचंय का मास्तरांना? मला वाटलं होतं, माझं नाव विचारतील, गाव विचारतील. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी केन्ना वतले?"

तुम्ही कधी जाणार?

त्या पोराच्या तिसरीपर्यंत चार मास्तर येऊन गेले होते. त्याला राग नव्हता, उत्सुकताही नव्हती. पाऊस कधी थांबणार विचारावं तसा त्यानं विचारलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या पेटीत बदलीच्या अर्जाचा मसुदा त्या दिवशीही होता.

चार वर्षं मी तिथे काढली. त्या चार वर्षांत काय काय दिसलं ते सांगायला बसलो तर हा लेख त्यातच संपेल. काजूच्या हंगामात भट्टीचा वास शाळेत शिरायचा आणि वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. शिग्म्यात रणमालं पाहायला पोरांच्या मांडीला मांडी लावून पहाटेपर्यंत बसलो. संध्याकाळी रस्त्यावर गवा उभा राहिला की बाजूला होऊन त्याला जाऊ द्यायचं, हे शिकलो. गोवा घटकराज्य झाला ती बातमी, ३० मे १९८७ची, म्हातारीच्या रेडिओवर ऐकली. ती म्हणाली, "मग आता रस्तो जातलो?" रस्ता झाला, पण मी गेल्यावर.

आणि मी गेलोच. चौथ्या वर्षी बदली मिळाली. उशीर झाला म्हणून कुरकुर करत घेतली.

भाची माउंट गॅम्बियरला पोचली ती २०२२च्या जुलैत. इकडे धो धो पाऊस, तिकडे ऐन हिवाळा. दक्षिण महासागरावरून येणारा वारा हाडांत शिरतो म्हणाली. गावाला लागूनच एक जुना, झोपलेला ज्वालामुखी आहे आणि त्याच्या मुखात तळं. गावाला प्यायचं पाणी त्यातूनच येतं. तिनं पहिला फोटो पाठवला तेव्हा ते राखेसारखं करडं होतं. नाव निळं तळं, आणि रंग हा! "फसवलं की गं तुला," मी म्हटलं. पण नोव्हेंबर संपता संपता तिनं दुसरा फोटो पाठवला आणि आमच्या घरातल्या सगळ्यांनी तो मोठा करकरून पाहिला. कुणीतरी नीळ ओतावी तसं. उन्हाळाभर निळं, हिवाळ्यात पुन्हा करडं, दरवर्षी असंच होतं. खाली सगळा चुनखडीचा दगड, त्या चुन्याचा आणि पाण्याच्या तापमानाचा काहीतरी खेळ आहे तो.

जमलं कसं, हे विचाराल तर तिचं लगेच जमलं, त्याचं नाही. हे कोणी आधी सांगत नाही. नर्स कुठेही चालते. पर्वरीत संगणकासमोर बसून काम करणारा माणूस तीस हजारांच्या गावात काय करणार? त्या भागात पाइनची लागवड अफाट, लाकडाचे कारखाने. आमच्या जावयानं पहिले सात महिने तिथे फळ्या रचल्या. मला फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही कोणाला सांगू नका." मी कोणाला सांगितलं नाही. (आता लिहितोय ते त्याला विचारून.) पुढे ॲडलेडच्या एका कंपनीचं घरून करायचं काम मिळालं. ॲडलेडही रीजनलच, त्यामुळे नियमात बसलं. पण ते सात महिने त्यांच्या संसारात अजून कुठेतरी ठुसठुसतात, मला आवाजावरून कळतं.

मासळीचंच बघा. समुद्र तीसेक किलोमीटरवर. पोर्ट मॅकडॉनेल म्हणून बंदर आहे, शेवंडांसाठी नावाजलेलं. आम्ही इकडे हेवा करत होतो. तर ती म्हणाली, "मामा, शेवंड बघायची, खायची नाही, किंमत विचारलीस तर चक्कर येईल. आणि बांगडा नाही." बांगडा नसलेला समुद्र! आमच्या हिनं त्यावर अर्धा दिवस दुःख केलं.

पण काही गोष्टी अशा जुळल्या की हसू यावं. त्या राज्याचं, साउथ ऑस्ट्रेलियाचं, घड्याळ आमच्यासारखंच अर्ध्या तासाचं. साऱ्या जगाशी हिशेब करताना त्या अर्ध्या तासाचा घोळ होतो, आमच्याशी मात्र बरोबर चार तास, उन्हाळ्यात पाच. जवळच कूनवारा म्हणून द्राक्षांचा पट्टा आहे, तिथली माती लाल. फोटो बघून बायको म्हणाली, ही तर डिचोलीची माती. आणि संध्याकाळी गाडी चालवताना कांगारूंसाठी थांबायचं. गव्यांवर माझी चार वर्षं गेल्यामुळे त्या विषयावर मी तिला बरंच मार्गदर्शन केलं.

पहिल्या चवथीला माटोळी बांधायची म्हणून तिनं हट्ट धरला. कांगलां कुठून आणणार, तोरिंगण कुठून, आंबाडे कुठून? इकडून पाठवावं तर ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर पान-फूल-बी काही आत सोडत नाहीत. शेवटी सफरचंदं, लिंबं आणि पाइनची बोंडं बांधली. बोंडं आणून दिली शेजारच्या म्हातारीनं, स्वतःच्या परसातून वेचून. ही म्हातारी लक्षात ठेवा. तिचा नवरा लाकडाच्या कारखान्यात होता, मुलगे मेलबर्नला. गणपतीसमोर खुर्ची टाकून बसली, मोदक खाल्ले आणि हे फळांचं छत कशासाठी, असं विचारलं. भाचीनं सांगितलं. म्हातारीला ते पटलं. रानातलं देवाला दाखवायचं, यात न पटण्यासारखं काय आहे?

तेव्हा मेलबर्नला असलेल्या तिच्या मैत्रिणीनं ढोलताशे लावलेल्या, दोन-तीनशे माणसांच्या गणेशोत्सवाचे फोटो टाकले होते. भाचीकडे नऊ माणसं, त्यांतला एक पंजाबी, दोघं केरळी आणि एक ही म्हातारी. कोणती चवथ खरी, ते ज्यानं त्यानं ठरवावं. तिला त्या रात्री रडू आलं एवढं मला माहीत आहे.

एक दिवस ती वॉर्डातली गोष्ट सांगत होती. नवा डॉक्टर आला, चांगला होता, आणि तीन वर्षं भरताच शहराकडे गेला. तिच्याबरोबरची जुनी नर्स म्हणाली, आम्ही आता नव्यांना पहिल्या वर्षी घरी जेवायला बोलवत नाही. राहणार असं दिसलं तर दुसऱ्या वर्षी बोलावतो. भाचीला ते लागलं होतं. मला मात्र मागच्या बाकावरचा तो पोरगा डोळ्यांसमोर आला. "तुमी केन्ना वतले?"

या रीजनल व्हिसाबद्दल जे काही बोललं जातं ते सगळं जाणाऱ्याच्या बाजूनं. किती गुण मिळतात, किती वर्षं काढावी लागतात, खर्च किती वाचतो, आणि शेवटी मोकळं कधी होता येतं. 'तीन वर्षं काढणं' हा शब्दप्रयोगच बघा. आपण तुरुंगात वर्षं काढतो, परक्याच्या दारी दिवस काढतो. पर्मनंट झाल्यावर माणूस देशात कुठेही राहायला मोकळा. कायद्यानं त्यात काही गैर नाही, आणि मी तर बोलूच नये. पण ज्या गावानं हे पंधरा गुण दिले ते गाव काय करतं? ते पुढच्या नव्या माणसाची वाट पाहतं, आणि त्याला पहिल्या वर्षी जेवायला बोलवत नाही.

मला आपल्या देवांचं मात्र आश्चर्य वाटतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. समृद्ध जागा सोडून नदीपलीकडच्या रानात, रातोरात. थट्टेनं म्हणायचं तर आमच्या देवांनी रीजनल घेतलं. पण संकट टळल्यावर ते परत निघाले नाहीत. वेर्ण्याला अलीकडे पुन्हा देऊळ उभं राहिलं, तरी म्हार्दोळची म्हाळसा म्हार्दोळलाच आहे. माणसांना एवढं जमत नाही. देवांना बदलीचा अर्ज करता येत नसावा.

उलट बाजूही आहे, आणि ती आमच्याच दारात आहे. इकडे सरकारी नोकरी हवी तर पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला लागतो. मामलेदार कचेरीत त्यासाठी रांगा असतात. माझ्या शेवटच्या शाळेत अर्धी पोरं बेळगाव-विजापूरकडून आलेल्या गवंड्यांची. त्यांतल्या एकाचा बाप दाखल्याचे कागद घेऊन माझ्याकडे यायचा. चौदा वर्षांचे पुरावे होते त्याच्याकडे, एका वर्षाचे पावसात भिजून गेलेले. आम्ही त्याला भायलो, म्हणजे बाहेरचा, म्हणायचो, तो समोर नसताना, आणि कधीकधी असतानाही. पोरगं मात्र माझ्याहून चांगली कोकणी बोलायचं.

आणि आम्ही तरी कोण? माझा बाप मुंडकार. घर आमचं, त्याखालची जमीन भाटकाराची. त्या काळी भाटकाराच्या मर्जीवर दिवस. १९७५चा मुंडकार कायदा आला तेव्हा घरातून काढण्याची भीती गेली, घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. तरी कागद हातात पडायला किती वर्षं! तो कागद आला त्या दिवशी बाप पायरीवर नुसता बसून राहिला होता. काही बोलला नाही. तीन पिढ्या तिथे राहून तो त्या दिवशी कायम झाला.

सासष्टी-बारदेशातल्या पुष्कळांनी १९६१पूर्वीच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढले आणि इंग्लंडात स्विंडनपर्यंत जाऊन वसले. ती वाट वेगळी, तिच्यावर पुन्हा कधीतरी.

२०२५च्या जुलैत तीन वर्षं भरली. चार वाजता चहा घेताना भाचीचा फोन आला, तिकडे रात्रीचे आठ. १९१चा अर्ज भरला म्हणाली. मी अभिनंदन केलं. मग थोडा वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाली, "मामा, ह्याला ॲडलेडच्या ऑफिसात बोलावताहेत. चांगली जागा आहे. मलाही तिथे काम मिळेल."

"मग?"

"मग काही नाही. जायचं ठरलंय, डिसेंबरात. पण शेजारच्या म्हातारीला अजून सांगितलं नाही. काल कुंपणाशी उभी राहून विचारत होती, तुम्हीही जाणार का म्हणून. मी विषय बदलला." आणि एकदम, "तू सत्तरी सोडलीस तेव्हा तुझ्या म्हातारीला काय म्हणाला होतास?"

मी कितीतरी वर्षांनी त्या पहाटेत गेलो. सहाची वस्तीची बस, इंजिन सुरू करून उभी. माझी पत्र्याची पेटी कंडक्टरनं टपावर चढवलेली. म्हातारी हातात भाजलेल्या काजूंची पुरचुंडी घेऊन अंगणाच्या पायरीवर. ती म्हणाली होती, "मास्तर, वतात?"

"मी म्हटलं, येतां."

"आणि गेलास परत कधी?"

"नाही."

ती काही बोलली नाही. पलीकडे किटलीचा की कशाचा तरी आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "येतां म्हणून निघायचं, हे इंग्रजीत कसं सांगायचं रे? डिसेंबरात तिला काहीतरी सांगायला तर लागेल."

एकाच शब्दाचा तुकडा होता. मी बराच वेळ प्रयत्न केला. मला जमला नाही.